मतकरींनंतर काय वाचू?

(मंडळाच्या वाचनकट्ट्यावर केलेलं भाषण)



समोर चकल्या-लाडू असताना मी खून, संशय आणि मनातल्या काळोखाबद्दल बोलणार आहे, याबद्दल आधीच माफी. पण आपल्याला हे नवीन नाही. 'नवल' आणि 'धनंजय' या दिवाळी अंकांनी गूढ आणि रहस्यकथा फराळाच्या ताटाशेजारीच आणून ठेवल्या होत्या. आमच्या घरी तर अंक आधी कोणी वाचायचा यावरून भांडणं व्हायची.

कट्ट्यावर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : "रत्नाकर मतकरी वाचून संपले, आता तसंच काहीतरी सांग ना!" मे २०२० मध्ये मतकरी मुंबईत कोरोनाने गेले. त्यामुळे त्यांचं नवीन पुस्तक येईल ही आशा संपली आणि हा प्रश्न अधिकच पडू लागला.

दुकानदाराला विचारलं तर तो हमखास नारायण धारपांचं पुस्तक काढून देतो. धारप मलाही आवडतात. 'लुचाई' मी रात्री दिवा चालू ठेवून वाचली आहे. (ती स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे हे मला खूप नंतर कळलं, पण भीती अस्सल मराठीच वाटली होती!) तरीही मतकरींच्या वाचकाचं धारपांवर पुरतं समाधान होत नाही. धारपांकडे बहुतेक वेळा वाईट शक्ती बाहेरून येते, आणि तिला परतवणारा एखादा समर्थ असतो. मतकरींकडे ती आधीपासून घरातच असते, आपल्यासारख्याच कुणाच्या तरी मनात. आणि सोडवायला कोणीही येत नाही. हाच माणूस मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहितो, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे.

त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'इन्व्हेस्टमेंट' हा चित्रपट पाहा. २०१३ साली तो प्रदर्शित झाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात भूत नाही, वाडा नाही. शाळकरी मुलाच्या हातून भयंकर गुन्हा घडतो आणि सुशिक्षित, महत्त्वाकांक्षी आईबाप तो निस्तरायला निघतात. पीएसएलईच्या वर्षी घरात काय वातावरण असतं हे इथल्या पालकांना मी सांगायला नको. नाव ऐकूनच आपल्यापैकी काहींना अस्वस्थ वाटेल.

म्हणून माझं म्हणणं असं की, पुढचं पुस्तक शोधताना 'गूढकथा' किंवा 'भयकथा' ही पाटी बघूच नका. मतकरींचं नेमकं काय वाचून तुम्ही दचकला होतात ते आठवा आणि ते शोधा. मग भलत्याच कपाटाशी जाऊन पोहोचता.

मी पोहोचले जयवंत दळवींपाशी. 'सारे प्रवासी घडीचे'मुळे दळवी म्हणजे खुसखुशीत लेखक, असंच डोक्यात बसलेलं. आणि हातात आली 'अंधाराच्या पारंब्या'. याच कादंबरीवरून त्यांनी 'बॅरिस्टर' हे नाटक लिहिलं, १९७७ मध्ये ते विक्रम गोखल्यांनी गाजवलं. विलायतेत शिकलेला, सुसंस्कृत माणूस. घराण्यात वेड आहे, आणि ते एक दिवस आपल्यालाही गाठणार ही धास्ती. खून नाही, पाठलाग नाही. तरी पानोपानी छातीवर दगड.

हे पुस्तक आम्ही कट्ट्यावर घेतलं त्या दिवशी चर्चा अशी झालीच नाही. वीसेक वर्षं सिंगापूरमध्ये राहणाऱ्या, नेहमी हसतमुख असलेल्या आमच्या एक ताई म्हणाल्या, "माझा भाऊ असाच आहे. पाहुणे आले की आई त्याच्या खोलीला बाहेरून कडी लावायची. इथे मी कोणाला सांगितलं नाही." आणि मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या. चहा गार झाला. आपण परदेशातली मंडळी फोनवर 'सगळं छान' म्हणण्यात पटाईत असतो. फोटोही छान, घरही छान. "कशाला वाचता ही असली पुस्तकं, डोक्याला ताप!" असं मला घरचे म्हणतात, तेव्हा मला ती दुपार आठवते.

मराठीच्या बाहेर गेलात तर ब्रिटिश लेखिका रूथ रेंडेल अवश्य वाचा. 'अ जजमेंट इन स्टोन' (१९७७) मध्ये खून कोणी केला आणि का, हे ती पहिल्याच वाक्यात सांगून टाकते! घरकामाला ठेवलेल्या बाईला लिहिता-वाचता येत नाही, आणि ते लपवण्यासाठी ती कुठवर जाते याची ही गोष्ट. ती वाचताना मला, अगदी वेगळ्या अर्थाने, आजीचं पत्र हातात घेऊन 'नंतर वाचतो' म्हणणारी आपली मुलं आठवली.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो तर इथे ऑर्चर्ड रोडच्या किनोकुनियात सहज मिळतो. 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' मध्येही गुन्हेगार सुरुवातीलाच कळतो. शेजारचा अबोल गणिताचा मास्तर तो गुन्हा का आणि कसा झाकतो, हेच खरं रहस्य. २०२३ चा हिंदी 'जाने जान' पाहिला असेल तर शेवट ठाऊक असेल, तरी वाचा. सिनेमापेक्षा पुस्तक जास्त लागतं.

माझी लेक पंधरा वर्षांची. असली इंग्रजी पुस्तकं ती लायब्ररीतून पाच-पाच आणते, पण मराठी पुस्तकाला हात लावत नाही. एकदा एमआरटीत मी तिला मतकरींची एक गोष्ट नुसती तोंडी सांगायला घेतली. आमचं स्टेशन आलं, मी उठले. ती जागची हलेना. "आई, पण मग तिने दार उघडलं का?" आम्ही पुढच्या स्टेशनवर उतरलो. पुस्तक ती अजूनही वाचत नाही, पण रविवारी रात्री गोष्ट मागते.

पुढच्या महिन्यात कट्ट्यावर चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' घेत आहोत. कोकणातल्या एका माणसाला झालेला साक्षात्कार. तो खरा की त्याच्याच मनाचा खेळ, हे वाचता वाचता आपलं आपल्यालाच सुचेनासं होतं. श्याम बेनेगलांनी तिच्यावर चित्रपटही केला होता. आपल्याकडे प्रती दोनच आहेत. तेव्हा ज्यांच्याकडे जाईल त्यांनी आठवड्यात वाचून पुढे द्यावी, आणि भारतातून कोणी येणार असेल तर बॅगेत आणखी एका प्रतीला जागा ठेवायला सांगा. लोणच्याच्या बरणीपासून जरा लांब!