घोड्याचें मुकें दुखणें

लहान मुलांना घालण्यांत येणारें एक जुनें कोडें महाराष्ट्रांतील बहुतेक घरांतून ठाऊक असतें. भाकरी कां करपली, विड्याचें पान कां सडलें आणि घोडा कां अडला, या तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच: फिरविलें नाहीं म्हणून. भाकरी आणि पान यांच्यापुरता हा केवळ शब्दांचा खेळ आहे. घोड्याच्या बाबतींत मात्र त्यांत वैद्यकाचें एक मोठें सूत्र सांपडतें. घोड्याचें शरीर चालत राहण्यासाठीं आणि चालतां चालतां थोडें थोडें चरण्यासाठीं घडलेलें आहे. मनुष्यानें त्याला खुंट्याला बांधलें, दोन वेळच्या चंदीवर आणलें आणि पायांना लोखंड ठोकलें. घोड्याच्या नेहमींच्या दुखण्यांपैकीं पुष्कळशीं या तीन गोष्टींतून निघतात. आणि म्हणूनच तीं टाळणें हेंहि पुष्कळ अंशीं मनुष्याच्याच हातीं असतें.

घोडा शहरांतून नाहींसा झाला, अशी अनेकांची समजूत असते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ सालच्या उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर रस्त्यावरून गेल्या, हें खरें. परंतु शहरी कुटुंबाची घोड्याशीं गांठ अजून पडते. खासगी मोटारींना प्रवेश नसलेल्या माथेरानांत, महाबळेश्वर व पांचगणी येथें मुलांना घडविलेल्या रपेटींत, लग्नाच्या वरातींत, किंवा दत्तजयंतीच्या सुमारास तापीच्या कांठीं सारंगखेड्याला भरणाऱ्या बाजारांत ती पडते. माथेरानसारख्या ठिकाणीं एखाद्या कुटुंबाची सारी मिळकत एका घोड्याच्या चार पायांवर उभी असते. तो घोडा एका रात्रींत दगावला, तर त्या घराची चूलहि त्याच्याबरोबर थंडावते. त्यामुळें घोड्याच्या प्रकृतीचें थोडें ज्ञान केवळ हौशी घोडेस्वारांपुरतें ठेवण्याचें कारण नाहीं.

अशा एका रात्रींत घोडा नेणारें दुखणें म्हणजे पोटशूळ. तें समजण्यासाठीं घोड्याच्या पोटाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. सुमारें साडेचारशें किलो वजनाच्या घोड्याचें जठर अवघें आठ ते पंधरा लिटर मावेल एवढेंच असतें. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे चौदा ते सोळा तास चरतो, तो याच कारणानें. गवतावरचें खरें काम पुढें मोठ्या आंतड्यांत, तेथील सूक्ष्म जंतूंच्या साहाय्यानें चालतें. हीं आंतडीं लांब, वळणावळणांचीं आणि कांहीं जागीं अरुंद असतात; तेथें अन्न अडकतें, वायु कोंडतो, क्वचित् आंतड्याला पीळ पडतो. त्यांत भर अशी कीं, घोड्याला ओकारी होत नाहीं. अन्ननलिका जेथें जठराला मिळते, तेथील स्नायूंची पकड इतकी घट्ट असते कीं, पोटांत गेलेलें मागें फिरत नाहीं. कुत्रा नको तें खाल्लें तर ओकून मोकळा होतो. घोड्याला ती सोय निसर्गानें दिलेली नाहीं.

पोट दुखूं लागलें कीं घोडा वारंवार मागें वळून आपल्या कुशीकडे पाहतो, पुढच्या पायानें जमीन उकरतो, वरचा ओठ उलटा करतो, बसतो आणि पुन्हां उठतो, शेवटीं अंग टाकून लोळूं लागतो. दाणा तसाच राहतो, लीद थांबते. अशा वेळीं प्रथम समोरचें गवत व चंदी दूर करावी आणि पशुवैद्याला बोलवावें. घोडा जोरानें लोळत असेल तर त्याला सावकाश चालवावें, मात्र थकेपर्यंत पळवूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बांबूच्या नळीनें किंवा बाटलीनें तेल अथवा काढा त्याच्या घशांत ओतूं नये. हा उपाय प्रेमानेंच केला जातो. परंतु वेदनेनें मान झटकणाऱ्या घोड्याच्या घशांत ओतलेलें तेल श्वासनलिकेंत उतरलें, तर पोटाचें दुखणें राहतें बाजूला आणि फुप्फुसाचा दाह त्याचा प्राण घेतो. पशुवैद्य तेंच तेल नाकावाटे नळी घालून थेट जठरांत पोंचवितो. वेदना शमविणारीं औषधें त्याच्यापाशीं असतात, आणि आंतड्याला पीळ पडला असेल तर शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नाहीं, हेंहि तोच सांगूं शकतो. पहिले दोन-चार तास हातचे गेले, तर पुढें पैसा आणि विद्या दोन्ही अपुरीं पडतात.

या प्रसंगापासून घोड्याला पुष्कळदां दूर ठेवणाऱ्या गोष्टी मात्र अगदीं साध्या आहेत. वैरण हें मुख्य अन्न आणि चंदी ही केवळ पुरवणी, हा क्रम उलटा करूं नये. चंदी एकदम पोटभर न देतां दोन-तीन वेळां विभागून द्यावी. वैरण किंवा दाणा बदलावयाचा असेल, तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. आंतड्यांतील जंतूंना नव्या अन्नाची संवय व्हावयास तेवढा अवधि लागतो. स्वच्छ पाणी सदैव समोर असावें. साधारण आकाराचा घोडा दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पाणी पितो, आणि घामाघूम झालेल्या घोड्याला याहूनहि अधिक लागतें. समुद्रकांठच्या रेताड जमिनीवर वैरण टाकली तर प्रत्येक घांसाबरोबर वाळू पोटांत जाते आणि आंतड्याच्या तळाशीं सांचत राहते. तेथें गव्हाण किंवा तोबरा वापरावा. लग्नाच्या वरातींतील घोड्याला कौतुकानें पुऱ्या, मिठाई व भिजविलेली डाळ चारण्यांत येते. हें कौतुक त्याला महागांत पडतें, तें कधीं पोटांतून तर कधीं पायांतून.

पायांतून कसें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. धान्य किंवा गोड पदार्थ एकदम फार पोटांत गेले कीं आंतड्यांत आंबण्याची क्रिया बळावते आणि तिचा परिणाम खुराच्या आंतील नाजूक थरावर होतो. तो थर सुजतो; परंतु बाहेरचें कवच कठीण असल्यामुळें सुजेला जागा मिळत नाहीं. घोडा पुढचे पाय पुढें टाकून टांचांवर भार घेत उभा राहतो, खूर हाताला ऊन लागतो, आणि एकेक पाऊल टाकणें त्याला नकोसें होतें. वेळीं उपाय न झाल्यास खुरांतील हाड आपली जागा सोडतें आणि घोडा जन्माचा अधू होतो. अशा घोड्याला "आळशी झाला" म्हणून चाबूक ओढणें यासारखा दुसरा अन्याय नाहीं.

खूर हा नखासारखा सतत वाढणारा अवयव आहे. महिन्याला सुमारें आठ ते दहा मिलिमीटर इतकी त्याची वाढ असते. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंदाकडून नाल काढून, वाढलेला खूर तासून, नवा नाल बसवून घ्यावा लागतो. रोज सकाळीं व काम आटोपल्यावर चारी पाय उचलून तळव्यांतील खडे व माती काढावी. पावसाळ्यांत माथेरानची तांबडी माती दिवसचे दिवस ओली असते. पाय अशा चिखलांत व लिदींत राहिले कीं तळव्याच्या मध्यभागीं असलेला त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग कुजूं लागतो व त्याला काळी दुर्गंधी सुटते. कोरडी जागा आणि रोजची सफाई हाच त्याचा पहिला उपाय होय.

पाठीचीहि हीच कथा. "खोगीरभरती" हा शब्द मराठी लिहिणारे निरुपयोगी मजकुराला लावतात. घोड्याच्या पाठीला मात्र त्या भरतीचें मोल पुरतें ठाऊक असतें. भरतीच्या गांठी झाल्या किंवा ती एका बाजूस सरकली, कीं स्वाराचें सारें वजन कण्यावरील दोन बोटांच्या जागेवर येतें. प्रथम तेथील केंस उडतात, मग कातडें सोलतें, मग जखम चिघळते. बरी झालेली जखम पुष्कळदां पांढऱ्या केंसांच्या ठिपक्यानें ओळखूं येते. खोगीर चढविण्यापूर्वीं खरारा करून पाठीवरून हात फिरविणारा मोतद्दार ही जखम तिच्या जन्माआधींच पकडतो. दांतांकडेहि वर्षांतून एकदां पशुवैद्यानें पाहणें अवश्य असतें. घोड्याचे दांत झिजत असतां हिरडींतून वर सरकत राहतात आणि दाढांच्या कडा धारदार होऊन गाल व जीभ कापतात. अर्धवट चघळलेल्या गवताचे बोळे गव्हाणीपाशीं पडलेले दिसले, म्हणजे दोष गवताचा नसून दाढेचा असतो.

कांहीं रोग मात्र बाहेरून येतात. सर्रा हा त्यांपैकीं एक. १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्यानें घोडे व उंट यांच्या रक्तांत या रोगाचा परोपजीवी जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. चावणाऱ्या मोठ्या माशा तो एका जनावराच्या रक्तांतून दुसऱ्याच्या रक्तांत नेतात. ताप येतो व जातो, पाय व पोटाखालचा भाग सुजतो, आणि घोडा खात असूनहि झडत जातो. धनुर्वाताचा धोका घोड्याला इतर बहुतेक पाळीव जनावरांहून अधिक असतो. खुरांत रुतलेला एक खिळा त्याला पुरतो, आणि लस टोंचणें हाच त्यावर भरंवशाचा बंदोबस्त आहे. ग्लँडर्स हा रोग त्याहून भयंकर, कारण तो घोड्यापासून माणसालाहि होतो. नाकांतून दाट स्राव, कातड्यावर फुटणाऱ्या गांठी व ताप अशीं त्याचीं लक्षणें आहेत. २००६ सालीं तो महाराष्ट्रांतच आढळला होता. असा संशय येतांच घोडा वेगळा बांधून सरकारी पशुवैद्यकीय खात्यास कळविणें हें कायद्यानेंहि बंधनकारक आहे. तेथें लपवाछपवी केल्यास एका घोड्याबरोबर सारी पागा आणि मोतद्दाराचा जीवहि पणाला लागतो.

बोलतां न येणाऱ्या रोग्याची प्रकृति कळावी कशी? त्यासाठीं तीन आंकडे पुरेसे आहेत. विसांवलेल्या निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ ठोके पडते. ती जबड्याच्या खालच्या कडेशीं बोटांना लागते. श्वास मिनिटाला ८ ते १६ असतात. अंगाची उष्णता ९९ ते १०१.५ अंश फॅरेनहाइट असते. आपल्या घोड्याचे हे आंकडे तो निरोगी असतांनाच ज्यानें टिपून ठेवले, त्याला दुखणें चटकन् ओळखतां येतें. पोटशुळांत नाडी साठाच्या वर जाऊन तेथेंच टिकली, तर क्षणाचाहि विलंब परवडत नाहीं.

घोड्याचें मनुष्यावर एक ऋण असें आहे कीं, त्याची वाच्यता क्वचितच होते. कोंकणांत शेताच्या बांधावर नाग किंवा फुरसें चावलेल्या मनुष्याला जें औषध टोंचून वांचवितात, तें घोड्याच्या रक्तापासून तयार होतें. घोड्याला विषाचीं सूक्ष्म मात्रा वाढत्या प्रमाणांत देतात, त्याच्या रक्तांत प्रतिविष निर्माण होतें, आणि तें शुद्ध करून कुपींत भरतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचें नांव या कामाशीं अनेक दशकें जोडलेलें आहे. ज्यानें घोडा कधीं पाळला नाहीं, त्यालाहि घोड्याची प्रकृति परकी नाहीं, ती अशी.

थंड हवेच्या ठिकाणीं जाणाऱ्या कुटुंबानें मुलाला घोड्यावर बसविण्यापूर्वीं एवढें पाहावें: घोडा चारी पायांवर सारखा उभा आहे काय, चालतांना डोकें खालीं-वर झटकतो काय, खोगिराच्या कडेशीं ओली जखम आहे काय, फांसळ्या उघड्या दिसतात काय, आणि बसणाराचें वजन त्या तट्टाला झेपणारें आहे काय. दोष दिसला तर मालकाला शांतपणें सांगून दुसरा घोडा मागावा. निरोगी घोड्याला मागणी अधिक येते, हें चार वेळां अनुभवास आलें, म्हणजे पशुवैद्याची फी मालकाला खर्च वाटत नाहीं. जाणता मालक तसाहि रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां कंदील घेऊन तबेल्यांत जातोच. पाणी किती उरलें, वैरण किती संपली आणि लीद किती पडली, एवढेंच तो पाहतो. त्या दोन मिनिटांत त्याला पोटशुळाचा पहिला इशारा मिळूं शकतो, आणि तो पुष्कळदां घोडा वांचविण्याइतका लवकर मिळतो.