बरणी किती जुनी? तळ, ओठ आणि कागद

आजचा विषय माळ्यावरून खाली आलाय. अक्षरशः.

वैतरण्याचं आमचं जुनं घर रिकामं करताना काचेच्या अकरा बरण्या निघाल्या. भंगारवाला किलोवर न्यायला तयार. आत्या मात्र एका बरणीला हात लावू देईना. “ही माझ्या आजीची. शंभर वर्षांची आहे.” बाबा म्हणाले, “कसली शंभर!” आणि दोघांत अबोला. मग मी बरणी घेऊन ओटीवर उन्हात बसले.

पहिली गोष्ट, काचेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. माझा मावसभाऊ चोरबाजारात अशीच एक बरणी घेणार होता, वर उठावात १८५८ लिहिलेली. ते साल जॉन मेसन या अमेरिकन माणसाच्या आट्यांच्या बरणीच्या पेटंटचं, ३० नोव्हेंबर १८५८. पुढे कितीतरी दशकं बरण्यांवर तेच साल छापत राहिले, आणि नकलाही निघाल्या. चार हजार वाचले त्याचे.

मग बघायचं काय? ओठ. झाकण काढा आणि कडेवरून बोट फिरवा, पण जपून. पूर्वी काच साच्यात फुंकायचे, वरचा भाग तोडायचे आणि कड घासून सपाट करायचे. ती कड खरखरीत लागते. यंत्राच्या बरणीची कड गुळगुळीत असते. साच्याची उभी रेघ बाटल्यांत उपयोगी पडते, घासलेल्या तोंडाच्या बरणीत फसवते, कारण ती दोन्हीकडे वरपर्यंत जाते. बाटल्यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र अमेरिकेत ओवेन्सने १९०३च्या सुमारास आणलं.

तळही बघा. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८चा, कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा १९१६चा, तोच प्रभाकर कंदीलवाला. यातलं नाव उठावात दिसलं तर भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवा!

आत्याच्या बरणीवर नाव नव्हतं. कड गुळगुळीत. पण मागे अर्धा कागद चिकटलेला होता, लोणच्याच्या कंपनीचा. आणि खरं सांगू, आपल्याकडे काचेपेक्षा कागद जास्त बोलतो. पत्ता होता ‘बॉम्बे ४’. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, म्हणजे बहुधा त्याआधीची. वजन पौंडात. मेट्रिक वजनं १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली, १९६२पर्यंत सगळीकडे. म्हणजे पन्नासचं दशक, फार तर साठीची सुरुवात.

पणजीची नाही. शंभर वर्षांचीही नाही. बाबा जिंकले म्हणायचे.

हे आत्याला सांगायला मला दोन दिवस लागले. ती गप्प झाली. मग म्हणाली, “आईचं लग्न एकोणसाठचं.” माझी आजी पालघरहून सासरी आली तेव्हा सामानात लोणच्याची बरणी होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुठली, ते कुणी विचारलंच नव्हतं.

तीच कशावरून? पुरावा नाही, साल तेवढं जुळतं. आत्याने कागद भिजू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली (लावू नका हो, डिंकाने कागद पिवळा पडतो!) आणि बरणी स्वतःच्या घरी नेली. बाबांनीच ती स्टेशनपर्यंत धरली होती, मांडीवर, रिक्षात.

उरलेल्या दहांचे फोटो खाली टाकलेत. तिसऱ्या बरणीची कड मला खरखरीत लागतेय. बघून सांगा.