सोंगांपलीकडचा फोर्जेट

मुंबईत ताडदेवला फोर्जेट स्ट्रीट आहे. हे नाव ज्याचे, तो चार्ल्स फोर्जेट 1855 पासून सुमारे नऊ वर्षे मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख होता. कमिशनरचे पद तेव्हा निर्माण व्हायचे होते. फोर्जेट सुपरिंटेंडेंट म्हणवला जाई. त्याची कीर्ती उरली आहे ती वेषांतरासाठी. मिश्र वंशाचा, देशी भाषा सफाईने बोलणारा हा अधिकारी सोंग घेऊन बाजारात वावरे आणि लोकांचे बोलणे ऐके. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनच्या बंगल्यात तो पहारेकऱ्यांना चकवून शिरला, अशीही कथा आहे. पण माझ्या मते या कथांनी त्याचे खरे कसब झाकले, आणि त्या कसबाच्या मागे उभी असलेली दहशतही झाकली.

1857 चे प्रकरण नीट पाहिले की हे ध्यानात येते. उत्तरेत उठाव पेटला होता आणि मुंबईत गोरे सैन्य तुटपुंजे होते. लष्करी अधिकाऱ्यांना भीती वाटे ती शहरातल्या लोकांची. आपल्या पलटणींवर मात्र त्यांचा भरवसा होता. फोर्जेटचा अंदाज उलटा होता: धोका पलटणींतूनच येईल, असे तो म्हणत होता. मोहरमच्या बंदोबस्तात गोरे सैनिक विखरून ठेवण्याचा बेत त्याला मान्य नव्हता, आणि प्रसंगी आपण तो हुकूम मोडू, असे त्याने गव्हर्नरला सांगून टाकले. पुढे मुंबईतल्याच सोनापूरला गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई जमतात, अशी बातमी त्याला लागली. इथे सोंग कामाला आले नाही, कारण शिपायांखेरीज कोणाला आत घेतच नव्हते. फोर्जेटने गंगाप्रसादलाच पकडून आणला, त्याच्यावर दडपण आणून त्याला बोलते केले आणि त्याच्याच घराच्या भिंतीआडून बैठका ऐकण्याची सोय करून घेतली. त्यानंतर जे त्याने केले ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. मरीन बटालियनचा प्रमुख मेजर बॅरो याला त्याने तिथे नेऊन बसवले. स्वतःच्या शिपायांचे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर बॅरोला शंका घ्यायला जागा उरली नाही. पोलिसाच्या बातमीवर लष्कर विश्वास ठेवणार नाही, हे फोर्जेट ओळखून होता. म्हणून त्याने नुसती बातमी दिली नाही, साक्षीदार उभा केला. ऐन दिवाळीत उठाव करण्याचा शिपायांचा बेत फसला. 15 ऑक्टोबर 1857 रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघा शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच जागेचा एक भाग म्हणजे आजचे आझाद मैदान.

यावर कोणी म्हणेल की, काही असो, त्याने शहराला रक्तपातापासून वाचवले. त्या वेळच्या मुंबईकर व्यापाऱ्यांचीही भावना हीच होती. त्यांनी त्याला मानपत्रे आणि थैल्या दिल्या. मुंबईत दिल्ली-कानपूरसारखे काही घडले असते तर सर्वसामान्य माणूसही होरपळला असता, हे मी नाकारत नाही. पण वाचवले ते शहर की सत्ता, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण त्या दोघा शिपायांच्या दृष्टीने उत्तर वेगळे आहे. शिवाय त्याच दिवसांत फोर्जेटने पोलीस कचेरीच्या आवारात फाशीचा खांब उभारला होता आणि संशयितांना बोलावून तो दाखवला होता. शहर शांत राहिले यात त्याच्या शहरज्ञानाचा वाटा किती आणि त्या खांबाचा किती, हे आज मोजता येणार नाही. खांब वगळून मात्र हिशेब पुरा होत नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. यातला बराचसा तपशील फोर्जेटच्याच लेखणीतून आला आहे. ‘अवर रिअल डेंजर इन इंडिया’ हे त्याचे पुस्तक 1877 साली निघाले, घटनेनंतर तब्बल वीस वर्षांनी. निवृत्त अधिकारी आपल्या कारभाराची बाजू मांडतो तेव्हा तो स्वतःला मध्यभागी ठेवणारच. म्हणून त्याच्या बढाया मी बाजूला ठेवतो. पण जिथे तो आपल्याच वरिष्ठांशी मतभेद झाल्याचे सांगतो, घरमालकावर दडपण आणल्याचे आणि आवारातल्या फाशीच्या खांबाचे सांगतो, तिथे मी त्याच्यावर अधिक विश्वास ठेवतो. या गोष्टी त्याला लपवाव्याशा वाटल्या नाहीत, आणि त्या काळच्या पोलिसी कारभाराविषयी त्यातून जे कळते ते बाजारातल्या सोंगांतून कळत नाही.