रूढीची नोंद आणि विधि विद्यापीठांचे दायित्व



विधि विद्यापीठ म्हटले की काळा डगला आणि जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढे येतात. तेथे संशोधन केंद्रेही असतात आणि त्यांच्या कार्याचा खांडबाऱ्याच्या शिवारातील बांधाशी संबंध येऊ शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या जनजातीय कुटुंबाचा दावा ग्रामसभेत सुरू होतो आणि उपविभागीय समितीमार्गे जिल्हा समितीपुढे जातो. पुरावा कोणता द्यावा? सातबारा असता तर दाव्याची वेळच आली नसती. म्हणून या कायद्याच्या नियमांतील तेराव्या नियमाने वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुनी विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थान हे सारे पुरावे मानले. त्याच नियमात आणखी एक पुरावा आहे, ज्याकडे फारसे कोणी वळत नाही : नामांकित संस्थांनी केलेले रूढी-परंपरांचे संशोधन. उदाहरणादाखल तेथे भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे नाव आहे. परंतु विधि विद्यापीठाच्या केंद्राला हे दार बंद नाही.

कागद नसला तर काय होते, ते २०१९ च्या फेब्रुवारीत दिसले. दावे फेटाळले गेलेल्यांना हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ तारखेला दिला आणि २८ तारखेला त्याला स्थगिती दिली. मधले पंधरा दिवस पाड्यापाड्यांवर कसे गेले असतील, याची कल्पना येथे बसलेल्यांना सांगावयास नको.

प्रश्न केवळ जमिनीचा नाही. हिंदू विवाह व वारसा कायदे केंद्र सरकारच्या अधिसूचनेवाचून अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. तेथे रूढी चालते. पण न्यायालयात रूढी सिद्ध करावी लागते. पतीने दुसरा विवाह केल्याची एका जनजातीय महिलेची फिर्याद २००१ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही; दुसऱ्या विवाहास मनाई करणारी रूढी सिद्ध झाली नव्हती. उलट जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील प्रकरणात स्त्रीला वारसा नाकारणारी रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून तिच्या वारसांना समान वाटा मिळाला. नोंदीचा अभाव एकीला मारक ठरला, दुसरीला तारक. न्याय असा योगायोगावर सोडावा काय?

महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यान्वये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधि विद्यापीठे उभी राहिली. मुंबईत लवादाचा अभ्यास व्हावा, हे योग्यच. व्यापारी नगरीची ती गरज आहे. मात्र ग्रंथालयाबाहेर पडून काय साधता येते, ते दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठातील केंद्राने दाखविले. मृत्युदंड झालेल्या ३७३ बंद्यांची माहिती देशभरातून गोळा करून त्याने २०१६ मध्ये अहवाल काढला. तुरुंगाच्या भिंतीआड जाता येते, तर सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबाऱ्याला उतरणे अवघड नाही.

अवघड आहे ते पुढचे. मावची, भिली, कोकणी बोलींत प्रश्न विचारावे लागतील आणि उत्तरे त्याच शब्दांत लिहून घ्यावी लागतील. केवळ कारभारी पुरुषांना विचारून भागणार नाही. वाटणीची रीत बहिणींनाही विचारावी लागेल, आणि उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही नोंदवावी लागतील. लिहिलेले ग्रामसभेत वाचून दाखवावे, दुरुस्त्या घ्याव्यात आणि एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरी ठेवूनच अभ्यासकांनी परतीची गाडी धरावी.