चव बदलली, पण कशानं?

‘सिगरेटची पहिल्यासारखी चव न्हाई, कंपनीवाले कायतरी घालत्यात!’ कोल्हापूरच्या पानटपरीवर हा संशय नवा नाही. कारण कधी साधं असतं: तंबाखूचं पीक दर हंगामात सारखं येत नाही. निपाणीच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको.

पण संशय अगदीच पोकळ नाही. तंबाखूत अमोनियाची संयुगं मिसळली, की निकोटिनचा मुक्त अंश वाढतो. मेन्थॉलमुळे धूर घशाला टोचत नाही, झुरका खोल जातो. युरोपीय संघानं मे २०२० पासून मेन्थॉल सिगरेटींवर बंदीच घातली.

तरी गंमत अशी, की व्यसनासाठी वेगळं काही घालावं लागत नाही. निकोटिन मुळात तंबाखूच्या पानातच असतं, साध्या बिडीतल्या तंबाखूतही.

सोडायचं असेल, तर राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत क्रमांक लिहून घ्या: १८००-११-२३५६.