तक्रार नसली तरी गरोदरपणात लघवीची जंतुतपासणी करा



ज्वारीची काणी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. रोगाचे बीजाणू बियाण्याला चिकटून येतात, रोपाबरोबर वाढतात. पण कणीस बाहेर पडेपर्यंत पिकात काही वेगळे दिसत नाही. दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणूनच पेरणीपूर्वी किलोभर बियाण्यास ४ ग्रॅम गंधक चोळावे अशी शिफारस आहे. माझा विषय कृषिविद्येचा. पण घरातील गरोदर बाईलाही असाच न दिसणारा एक रोग जडू शकतो, म्हणून आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

या रोगात लघवीत जंतू वाढत असतात. परंतु जळजळ नाही, ताप नाही, दुखणे नाही. १०० गर्भवतींपैकी साधारणपणे २ ते १० जणींत हा संसर्ग आढळतो. बहुतेक वेळा तो आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूमुळे होतो. स्त्रीचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू सहज आत शिरतात. यात लाजण्यासारखे काही नाही.

गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढत्या गर्भाशयाचा दाब येतो आणि लघवी साचून राहते. त्यामुळे जंतू मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. उपचार न मिळाल्यास, जुन्या अभ्यासांनुसार, अशा १०० पैकी ३० जणींपर्यंत मूत्रपिंडाचा दाह झाला होता. मग थंडी वाजून ताप येतो, कंबरेच्या वर पाठीत दुखते, उलट्या होतात, दवाखान्यात दाखल करावे लागते. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा व मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोकाही वाढतो.

पुष्कळ जण म्हणतात, "आमच्याकडे लघवी तपासली, सर्व ठीक आहे." ती तपासणी बहुधा प्रथिने व साखर यांची असते. तीवरून जंतू कळत नाहीत. त्यासाठी 'कल्चर' तपासणी लागते. प्रयोगशाळेत लघवीतील जंतू वाढवून पाहतात. १ मिलिलिटर लघवीत एकाच प्रकारचे १ लाख किंवा अधिक जंतू आढळल्यास संसर्ग धरतात. कोणते औषध लागू पडेल हेही त्यातून समजते.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. नाव नोंदवतानाच, किंवा १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान, डॉक्टरांना या तपासणीविषयी विचारावे. सरकारी दवाखान्यांत दरमहा ९ तारखेस गर्भवतींची मोफत तपासणी करण्याची योजना २०१६ पासून आहे. त्या दिवशी विचारणे सोयीचे होते. गावाजवळ सोय नसल्यास ती कोठे आहे, हे आशाताई किंवा आरोग्यसेविकेकडून समजून घ्यावे.

२. नमुना देताना हात व जागा स्वच्छ धुवावी. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यावी. डबीला आतून बोट लावू नये. नमुना लगेच द्यावा.

३. औषध डॉक्टरांनी सांगितलेलेच, सांगितले तितके दिवस घ्यावे. घरात उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने पोटातील बाळाच्या दातांना व हाडांना अपाय होतो. औषध संपल्यावर फेरतपासणी करावी का, हे विचारावे.

४. शेतात पुरेसे पाणी प्यावे, लघवी रोखून धरू नये. या सवयी चांगल्या आहेत. पण त्या तपासणीची जागा घेत नाहीत.

५. थंडी-ताप, जळजळ वा पाठीत दुखणे सुरू झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बंधूंनो, "काही दुखत नाही, मग दवाखाना कशाला?" असे म्हणून खुरपणीच्या दिवसांत ही तपासणी मागे पडते. दुखत नाही तेव्हाच ती करावयाची असते. काणी पडलेले कणीस परत भरत नाही. हा रोग मात्र वेळीच कळला तर काही दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. खुरपणी एक दिवस मागे ढकलता येते. तेव्हा तपासणीला घरच्या माणसाने सोबत जावे, ही विनंती.