ओझ्याशिवाय जंगलात
(अर्जुनी मोरगाव येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या तालुक्यातल्या बाईला जंगल काय दाखवायचे, असे कुणीही म्हणेल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला तीच जाते, मे महिन्यात तेंदूपत्ता तीच तोडते. पण डोक्यावर ओझे नसताना, घरच्या माणसांबरोबर, नुसत्या आनंदासाठी आपल्यापैकी कोण जंगलात गेली आहे? नवेगावबांधला सहल निघाली तरी डबा बांधणारी तीच, लेकरू सांभाळणारी तीच. बाकीचे तळे बघून येतात, तोवर ती भांडी घासते.

म्हणून आज वेगळ्या सहलीविषयी बोलते. अर्ध्या तासाची एक पायवाट ठरवायची. जागोजागी थांबायचे, डोळे मिटायचे. वास घ्यायचा, हात लावायचा, ऐकायचे. 1967 साली अमेरिकेत कोलोरॅडोच्या जंगलात अंधांना दोर धरून चालता येईल अशी वाट झाली. आपल्यालाही हे जमेल.

ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, अर्जुनाची गुळगुळीत. ज्या सासूबाईंना दिसत नाही, त्यांचा हात दोन्हींवर ठेवा. झाड त्या ओळखतील. मोहाच्या दिवसांत तो गोड दर्प, सागाच्या वाळल्या पानांची कुरकुर, हिवाळ्यात तळ्यावर उतरलेल्या बदकांचा कलकलाट. याला जिप्सीचे भाडे लागत नाही, लिहिता-वाचता यावे लागत नाही. एरवी घरी मागे राहणारी म्हातारी आणि अंध मुलगी इथे बरोबरीने येतात. आणि वाट दाखवणार कोण? जिला घरात ‘तुला काय कळते’ म्हणतात, तीच. नवरा आणि मुले तिचे ऐकत चालतील. ही गोष्ट लहान नाही.

अटी मात्र आपणच घालू. त्या दिवशीचा डबा सगळ्यांनी मिळून करायचा, मूल बापाच्या कडेवर राहील. वाट गावाजवळची किंवा तळ्याकाठची असावी, वेळ लख्ख उजेडाची. 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचे नाही. पूर्व विदर्भात मोह वेचायला वाकलेल्या बायांवर वाघांचे हल्ले झाले आहेत, हे आपण विसरू शकत नाही. पर्यटकाला गाडी मिळते, मार्गदर्शक मिळतो. पोटासाठी पहाटे जाणाऱ्या बाईला कोणते संरक्षण मिळते? वन विभागाकडे सहलीविषयी विचारायला जाऊ, तेव्हा हा प्रश्नही विचारू.

नवेगावच्या तळ्याभोवतीच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. या बहिणींकडे आपण फक्त राबायलाच का जावे? प्रत्येक गटाने आपल्या गावाजवळची एक वाट निवडावी, म्हाताऱ्यांना आणि मुलांना घेऊन एकदा चालून पाहावी, आणि कोण काय बोलले ते पुढच्या बैठकीत सांगावे.